इफ्ताहचे भाऊ पुढे गेले कुठे?

ओसरीवरचा

बायबलातलं शास्ते हे पुस्तक (राजे होण्याआधीच्या इस्राएली पुढाऱ्यांच्या, म्हणजे शास्त्यांच्या, गोष्टी) मी लहानपणी चोरून वाचायचो. संडेस्कूलमध्ये त्यातलं निवडक सांगत: दबोरा, गिदोनाचे तीनशे, शमशोनाचे केस. मधली पानं बाई पटापट उलटायच्या. त्या उलटलेल्या पानांत इफ्ताह आहे. अकरावा अध्याय आणि बाराव्याची पहिली सात वचनं, एवढाच त्याचा पसारा. परवा पुन्हा वाचला आणि एक प्रश्न डोक्यात अडकून बसलाय, म्हणून हा धागा.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी. मुलूख गिलाद, यार्देन नदीच्या पूर्वेचा डोंगराळ पट्टा, म्हणजे आजच्या जॉर्डन देशाची वायव्य बाजू. बापाचं नावही गिलादच. आई वेश्या. बापाला लग्नाच्या बायकोपासून मुलगे होते. ते मोठे झाले आणि त्यांनी इफ्ताहला घराबाहेर काढलं. कारण अगदी रोखठोक दिलंय: तू दुसऱ्या बाईचा, आमच्या बापाच्या घरात तुला वाटा मिळणार नाही. धर्म, अब्रू, पावित्र्य यांचं नावही कोणी काढत नाही. सरळ वाटणीची गोष्ट.

तो टोब देशात पळाला आणि तिथे त्याच्याभोवती ‘रेकीम’ लोक जमले. या हिब्रू शब्दाचा अर्थ रिकामे. आपल्याकडे रिकामटेकडे म्हटलं की पारावरची पोरं डोळ्यांसमोर येतात. हे तसले नव्हेत. घर, शेत, कूळ यांतलं काहीच हाताशी नसलेली माणसं.

मग शेजारचे अम्मोनी लोक चालून आले (अम्मान शहराच्या नावात ते अजून शिल्लक आहेत). गिलादच्या वडीलमंडळींकडे लढाईला पुढे होणारा माणूस नव्हता. ती उठली आणि टोबला गेली. आमचा सेनापती हो, म्हणाली. त्यावर इफ्ताह विचारतो, माझा द्वेष करून मला बापाच्या घरातून तुम्हीच ना हाकललंत? आता अडचणीत सापडलात तर माझ्याकडे कशाला आलात?

मी अडलो तो इथे. हाकललं भावांनी, आणि जाब विचारतोय तो वडीलमंडळींना. माझा तर्क असा, की वाटणीचे निवाडे गावच्या वेशीत होत. बायबलातल्याच रूथच्या गोष्टीत बवाज दहा वडिलांना वेशीत बसवूनच जमिनीचा व्यवहार पुरा करतो. इफ्ताहला काढलं त्या दिवशी वेशीत हीच मंडळी बसलेली असणार, आणि खाली मान घालून गप्प राहिली असणार.

पुढची घासाघीस वाचण्यासारखी आहे. आधी ते त्याला ‘कासीन’ करू म्हणत होते, म्हणजे लढाईपुरता सेनापती. टोमणा ऐकल्यावर ‘रोश’ म्हणाले, साऱ्या गिलादचा प्रमुख. तो तेवढ्यावर उठत नाही. पुन्हा विचारून पक्कं करतो, देवाची साक्ष काढायला लावतो आणि मिस्पा या गावी जाऊन सगळं परत एकदा देवासमोर बोलून घेतो. शब्द देऊन फिरवणारी माणसं ज्याने लहानपणी पाहिली आहेत तोच असा वागतो.

आता माझा प्रश्न. दोनच अध्याय आधी अबीमलेखाची गोष्ट आहे. तोही गिदोनाचा, उपपत्नीपासून झालेला मुलगा. त्याने सत्तर शेकेल चांदी घेऊन असेच ‘रेकीम’ भाड्याने जमवले आणि आपल्या सत्तर भावांना एका दगडावर मारलं. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. इफ्ताहपाशी माणसं होती, तलवार होती, आणि आता सारं गिलाद त्याच्या हुकमात होतं. भावांचं दार ठोठावायला त्याला कोण अडवणार होतं? पण दुसऱ्या-तिसऱ्या वचनानंतर भाऊ गोष्टीतून गायबच होतात. सूड घेतल्याचं नाही, गळाभेटीचं नाही, पाया पडल्याचं नाही. योसेफाला विकणारे त्याचे भाऊ निदान दुष्काळात धान्यासाठी तरी त्याच्या पुढ्यात येतात.

मग त्या रागाचं काय झालं? तो विरला असं मला वाटत नाही. हा माणूस पुढे भेटेल त्याच्याशी करारच करतो. शेवटी देवाशीही करतो, आणि तिथे घात होतो.

काजवा

गिदोन, शमशोन ऐकून माहीत होते, हा पहिल्यांदाच भेटला. वाचतेय. देवाशी काय करार केला ते सांगा की, असं अर्ध्यावर सोडू नका.

बोरीबंदर

कर्ण! अगदी कर्ण. कुळावरून हिणवलेला आणि लढाईच्या वेळी सगळ्यांना आठवलेला.

ओसरीवरचा

काजवा, नवस असा: अम्मोनी माझ्या हाती आले, तर मी सुखरूप परतल्यावर माझ्या घराच्या दारातून जे कोणी मला सामोरं येईल ते परमेश्वराचं, त्याचा मी होम करीन. लढाई जिंकतो. अरोएरपासून वीस गावं घेतो. मिस्पाला घरी येतो, तर दारातून डफ वाजवत, नाचत बाहेर येते ती मुलगी. एकुलती एक. तिच्याशिवाय त्याला ना मुलगा ना मुलगी.

बोरीबंदर, कर्ण मलाही आठवला, पण फार वेळ टिकला नाही. कर्णाला आपलं मूळ शेवटी शेवटी कळतं, इफ्ताहला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कर्णाला बोलवायला आई आली, इथे पंच आले. आणि कर्ण गेला नाही, हा गेला.

शनवार_तेली

छान धागा. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ रायगड जिल्ह्यातला, आता इस्राएलात अश्दोदला असतो. आमच्याकडे हा इफ्ताह दर उन्हाळ्यात भेटतो. शब्बाथला (शनिवारच्या प्रार्थनेत) तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, त्या आठवड्याचा भाग वाचून झाला की संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला एक उतारा वाचतात, त्याला हफ्तारा म्हणतात. ‘हुक्कात’ हा भाग साधारण जून-जुलैमध्ये येतो आणि त्याची हफ्तारा म्हणजे शास्ते ११, वचन १ ते ३३.

आता पुस्तक उघडून ३४ पाहा. मुलगी दारातून बाहेर येते ती ३४व्या वचनात! वाचणारा तिच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतो आणि पुस्तक मिटतो. हा उतारा निवडला त्याला कारण आहे. इफ्ताह अम्मोनी राजाला लांबलचक निरोप धाडतो, तीनशे वर्षांपूर्वी ही जमीन आमच्याकडे कशी आली ते सांगतो. ती ज्याच्याकडून जिंकली त्या सीहोन राजाचा तोच प्रसंग त्या आठवड्याच्या तोरा-वाचनात असतो. पण माझी आजी दरवर्षी मराठीत विचारायचीच, “आणि पोरीचं काय रे?”

वकीलीण

वाटणीचा विषय निघाला म्हणून तोंड घालते, पेशाच तो.

भावांची बाजू कायद्याने अगदी कच्ची नव्हती. इ.स.पू. १९३०च्या सुमाराची लिपित-इश्तार राजाची सुमेरी संहिता आहे. त्यात एक कलम असं: बायकोला मूल नाही आणि रस्त्यावरच्या वेश्येपासून नवऱ्याला मुलं झाली, तर त्याने त्या वेश्येला धान्य, तेल, कपडालत्ता द्यावा आणि तिची मुलं त्याची वारस व्हावीत. पण बायको जिवंत आहे तोवर त्या बाईने त्या घरात राहायचं नाही. यातली अट बघा. बायकोला मूल नसेल तर. इफ्ताहच्या बापाला तर लग्नाच्या बायकोपासून मुलगे होते. काळही वेगळा, मुलूखही वेगळा, हा कायदा गिलादला लागू होता असं मी म्हणत नाही. पण असल्या मुलाच्या हक्काचा प्रश्न त्या भागात शेकडो वर्षं चघळला जात होता, एवढं यातून कळतं.

आणि गंमत म्हणजे गिलाद हे नाव वारसाहक्काच्या दुसऱ्या एका गाजलेल्या तंट्यातही येतं. बायबलातल्या ‘गणना’ पुस्तकाच्या २७व्या अध्यायातल्या सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला वाटा द्या, असं त्या मोशेसमोर उभ्या राहून म्हणाल्या आणि मिळवला. त्यांची वंशावळ मनश्शे, माखीर, गिलाद अशी खाली येते. म्हणजे त्या नावाच्या घराण्यात मुलींनी वाटा मिळवल्याची गोष्ट सांगितली जात होती, आणि तिथेच हे भाऊ सावत्र भावाला दार दाखवतात.

अवांतर: भावांनी काढलं की वडीलमंडळींनी, हा प्रश्न मला फारसा पडत नाही. बेकायदा कामाला कोणी हरकत घेतली नाही की ते काही वर्षांत वहिवाट होऊन बसतं.

उंबर

ओसरी, तुमचा तो ‘तुम्हीच ना हाकललंत’ वाचून आमचे एक काका आठवले. आजोबांचे, दुसऱ्या घरचे. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की आत्या पदर नाकाला लावायची. मॅट्रिकनंतर ते गाव सोडून गेले, पुढे मोजणी खात्यात लागले. तीसेक वर्षांनी शेजाऱ्याने आमचा बांध कोरत कोरत पाऊण एकर आत घेतला. जुना नकाशा वाचता येईल असं घरात कोणी नव्हतं. तेव्हा वडील आणि मधले काका गाडी करून त्यांना आणायला गेले.

ते आले, पण अंगणातच उभे. चप्पल काढली नाही. आईने चहा आणला, तो तुळशीच्या कट्ट्यावर तसाच निवत ठेवला. म्हणाले, “आधी सातबाऱ्यावर नाव, मग साखळी.” वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो. तलाठ्याकडे जाऊन वारसनोंदीचा अर्ज दिला, त्याची पोच खिशात घातली, मगच त्यांनी बांधावर पाय ठेवला.

बोरीबंदर

उंबर, हा किस्सा मूळ धाग्याहून भारी आहे. (ओसरी, राग नको.)

ओसरीवरचा

राग कसला. “आधी सातबाऱ्यावर नाव, मग साखळी” हेच तर इफ्ताह टोबमध्ये म्हणतोय.

रानजाई

सगळं वाचलं. पुरुषांच्या वाटणीची चर्चा रंगलीय, ठीक आहे. मी त्या मुलीबद्दल बोलते.

ती डफ घेऊन बाहेर येते आणि बाप कपडे फाडून काय म्हणतो? हाय माझ्या मुली, तू मला पार खचवलंस, मला दुःख देणाऱ्यांतली झालीस. तू! नवस केला त्याने, बोललं त्याचं तोंड, आणि दोष तिचा. स्वतःच्या जन्मावरून घराबाहेर निघालेला माणूस, ज्यात मुलाचा काडीचा दोष नसतो हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? आणि तोच पहिल्या वाक्यात मुलीवर ढकलतो.

ती मात्र शांतपणे म्हणते, तोंडातून शब्द काढलाय तर पाळा, फक्त दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरांत जाऊन माझ्या कुमारीपणाचा शोक करते. ती वेळ मागून घेते, माणसं मागून घेते, जागा ठरवते. त्या घरात करार करायची अक्कल तिलाच जास्त होती. मग दरवर्षी चार दिवस इस्राएलच्या मुली तिच्यासाठी जमत, असं ३९-४०मध्ये आहे. तिचं नाव मात्र कुठे नाही. पहिल्या शतकाच्या आसपासच्या एका ज्यू लेखनात तिला सेइला हे नाव दिलेलं सापडतं. मी तिला त्याच नावाने हाक मारते.

खडूफळा

रानजाई, भावना पटते, पण तिला खरंच मारलं का यावर एकमत नाही. मध्ययुगातला ज्यू भाष्यकार दावीद किम्ही (११६०–१२३५) नवसातला जोड ‘आणि’ऐवजी ‘किंवा’ असा वाचतो: ते परमेश्वराचं होईल किंवा त्याचा होम करीन. म्हणजे माणूस आला तर देवाला वाहिलेला, जनावर आलं तर होम. त्याच्या मते ती जगली, फक्त लग्नाविना एकटी राहिली. आणि जनावर दारातून यायची शक्यता खरोखर होती. त्या काळच्या खांबांच्या चार खोल्यांच्या घरांत तळमजल्यावर गुरं बांधत असावेत असं उत्खनन करणाऱ्यांतले बरेच जण मानतात. कोकरू पहिलं बाहेर पडेल असा त्याचा अंदाज असू शकतो.

ओसरीवरचा

किम्हीचं वाचलंय. पण मग बापाने कपडे का फाडले, चार दिवस रडायला मुली का जमत, हे मला त्या वाचनात नीट बसत नाही. आणि कोकराचं म्हणाल तर लढाई जिंकून येणाऱ्याला डफ वाजवत सामोरं कोण जाई? बायकाच. समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेते, पुढे शौल राजा आणि दावीद लढाईहून परततात तेव्हा गावोगावच्या बायका नाचत येतात. इफ्ताहला हे ठाऊक नव्हतं? मला वाटतं त्याने विचारच केला नाही. घासाघीस करताना एकच आकडा डोक्यात होता, विजय.

शनवार_तेली

मिद्राशमध्ये, म्हणजे बायबलावरच्या जुन्या ज्यू भाष्यकथांत, यावर एक कथा आहे, ती इथे हवीच. नवस मोडून घेता आला असता. त्यासाठी फिनहास याजकाकडे जायचं. (फिनहासचं वय विचारू नका, मोशेच्या काळातला माणूस तीनशे वर्षांनी अजून हयात आहे!) इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलचा प्रमुख, मी त्याच्याकडे जाऊ? फिनहास म्हणाला, मी प्रमुख याजक, मी त्या अडाण्याकडे जाऊ? दोघांच्या मोठेपणात पोर गेली.

शिक्षा दोघांना झाली. फिनहासावरचा पवित्र आत्मा गेला. आणि इफ्ताहचं शरीर एकेक अवयव करून गळून पडलं, जिथे जो गळला तिथे तो पुरला. हे कुठून काढलं? १२:७ मध्ये मूळ हिब्रूत तो ‘गिलादच्या नगरांत’ पुरला असं अनेकवचन आहे. एक माणूस अनेक गावांत कसा पुरणार, तर असा. हे ऐकून लहानपणी रात्री झोप लागली नव्हती.

तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात मात्र त्याच्याबद्दल असंही आहे की इफ्ताह त्याच्या पिढीत तसाच जसा थोर संदेष्टा शमुवेल त्याच्या पिढीत. म्हणजे काय, तर तुमच्या वाट्याला जो पुढारी आलाय त्याचंच ऐका. कौतुक आहे की चिमटा, कळत नाही.

वकीलीण

“मी त्याच्याकडे जाऊ?” हे वाचून थबकले. टोबला वडीलमंडळी चालत आली, तेव्हाच त्याला चटक लागली. आता सगळ्यांनी त्याच्याकडेच यायचं.

घाटाखालचा

कोणी शिब्बोलेथवर बोललंच नाही! बाराव्या अध्यायात नदीपलीकडच्या एफ्राईम या इस्राएली वंशाचे लोक येऊन भांडतात, आम्हाला लढाईला का नाही बोलावलं, तुझ्यासकट तुझं घर जाळू. वर गिलादवाल्यांना म्हणतात, तुम्ही तर एफ्राईममधून पळून आलेले. इफ्ताह चिडतो. यार्देनचे उतार, म्हणजे पायी ओलांडायच्या जागा, अडवतो. नदी ओलांडून घरी जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात. अर्थ कणीस, किंवा वाहतं पाणी. एफ्राईमी माणसाला ‘श’ जमत नाही, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणतो आणि तिथेच मारला जातो. आकडा ४२,००० दिलाय.

आमच्याकडे ‘पानी’ म्हटलं की वर्ग हसायचा. सातवीपर्यंत मी पाणी मागायचंच सोडलं होतं, नळावर जाऊन प्यायचो. म्हणून ही गोष्ट वाचताना माझी जीभ आपोआप टाळूला लागते.

ओसरीवरचा

घाटाखालचा, ‘तुझं घर जाळू’ ही धमकी मी आजवर नजरेआड केली होती. पहिल्यांदा बापाच्या घरातून हाकललं. मग स्वतःच्या घराच्या दारावर नवस. आता त्या घराला आग लावायची भाषा, आणि घरात तर आता कोणी उरलेलंही नाही. त्यात ‘पळून आलेले’ हा शब्द. एफ्राईमच्या लोकांना कल्पना नव्हती त्यांनी कुठल्या जखमेवर बोट ठेवलं.

आणि याने केलं काय? तू आमच्यातला नाहीस, हे भावांनी एका वाक्यात ठरवलं होतं. याने ते एका अक्षरावर आणलं. भाऊ गोष्टीतून गेले कुठे, याचं उत्तर मला यार्देनच्या उतारावर दिसायला लागलंय. नदीच्या काठावर उभं राहून तोच भावांचं काम करतोय.

रानजाई

+१. आणि हे सगळं करून तो फक्त सहा वर्षं शास्ता राहिला.

खडूफळा

एक छोटी दुरुस्ती म्हणा किंवा भर. अम्मोनी राजाला पाठवलेल्या निरोपात तो म्हणतो, तुझा देव कमोश तुला जे देतो ते तू ठेव. कमोश हा खरं तर मवाबी लोकांचा देव, अम्मोन्यांचा मिलकोम. १८६८ मध्ये दिबानला सापडलेल्या मेशा राजाच्या शिलालेखात (तो आता पॅरिसला लूव्ह्रमध्ये आहे) मवाबचा राजा कमोशाचंच नाव घेतो. वादातली जमीन आधी मवाबची होती म्हणून इफ्ताह कमोश म्हणाला असं काही जण सुचवतात. मला सरळ चूक वाटते. टोबच्या रानात वाढलेल्याला शेजाऱ्यांच्या देवांची यादी पाठ असेल असं कशाला धरायचं? एवढं सोडलं तर तो निरोप एखाद्या मुरलेल्या वकिलाने लिहावा असा आहे.

वकीलीण

मुरलेल्या वकिलांच्याही तपशिलात चुका असतात हो. खात्रीने सांगते.

काजवा

रात्रीत अख्खं अकरा-बारा वाचून काढलं. बायबलाच्या नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाच्या वीरांच्या यादीत याचं नाव गिदोन, शमशोन, दावीद यांच्या शेजारी बघून गार पडले. त्या यादीत मुलगी हवी होती.

उंबर, काकांचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीत. नाव लागलं?

उंबर

लागलं. मोजणी आमच्या बाजूने निघाली, पाऊण एकर परत आलं. काकांनी त्यांच्या वाट्यात घर बांधलं. आमच्या घरापासून पन्नास पावलांवर. दार मात्र पलीकडच्या ओढ्याकडे काढलं, आमच्या बाजूला नुसती भिंत आहे. खिडकीसुद्धा नाही.